मॅरेथॉन दोन आठवड्यांवर असताना दहा किलोमीटरची शर्यत कशी धावावी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. दोन आठवडे मागे मोजलं की दरवर्षी जानेवारीचा पहिला रविवार येतो, आणि त्या सुमाराला ठाणे, पुणे, नाशिक कुठे ना कुठे दहा किलोमीटरची शर्यत सापडतेच. मग ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतं, "नाव घालू का, की आता पायांना आराम देऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. जरूर घाला. फक्त या शर्यतीने दम वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. शेवटच्या दोन आठवड्यांत केलेल्या मेहनतीचं फळ शरीरात उतरायला मॅरेथॉनपर्यंत वेळच उरत नाही. दम जो कमवायचा तो नोव्हेंबर-डिसेंबरच्या लाँग रनमध्ये कमावून झालेला असतो. या शर्यतीतून दोनच गोष्टी मिळतात: मॅरेथॉनला कोणत्या वेगाने निघायचं याचा खरा आकडा, आणि त्या दिवसाची रंगीत तालीम. मी या दोन्हींना फार किंमत देतो.

आधी दिवस मोजा

जुन्या धावपटूंचा एक साधा हिशेब आहे: शर्यतीत जितके मैल धावलात, तितके दिवस पुढे जोराचं धावणं नाही. पाच किलोमीटर म्हणजे तीन मैल, तीन दिवस. दहा किलोमीटर म्हणजे सहा मैलांच्या थोडं वर, म्हणजे सहा-सात दिवस. अर्धमॅरेथॉन म्हणजे तेरा मैल, तेरा दिवस. आता हे १४ दिवसांत बसवून बघा. दहाची शर्यत धावून पाय मोकळे व्हायला एक आठवडा गेला, तरी दुसरा हाताशी राहतो. अर्धमॅरेथॉन जोरात धावलात तर सगळे दिवस भरपाईतच जातात. म्हणून अर्धमॅरेथॉन चार-पाच आठवडे आधी, दहा किलोमीटर दोन आठवडे आधी. एकच आठवडा उरला असेल तर फार तर पाच किलोमीटर, तेही मॅरेथॉनच्याच वेगाने.

हा नियम मी स्वतः मोडला होता, माझ्या दुसऱ्या मॅरेथॉनच्या वेळी. आठ दिवस आधी एक दहाची शर्यत होती. पाय हलके वाटत होते, म्हणून जीव तोडून धावलो. आयुष्यातली तोवरची सगळ्यात चांगली वेळ आली आणि मी दिवसभर खुशीत होतो. पुढच्या रविवारी परतीच्या वाटेवर, पेडर रोडच्या चढावर, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. रस्त्याच्या कडेचा दुभाजक धरून उभा राहिलो आणि लहान मुलं हातात संत्र्याच्या फोडी घेऊन "काका, चला, थोडंच राहिलं" म्हणत होती. आठ दिवसांपूर्वीचा ताण पायांतून गेलेलाच नव्हता.

शर्यत निवडताना रस्ता बघा

सपाट रस्त्याची शर्यत घ्या. घाटातली किंवा टेकडीवरची या वेळी नको, आणि त्यात चढापेक्षा उतार जास्त घातक. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असताना ब्रेकचं काम करतात. त्यातून येणारा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो आणि आठवडाभर जिना उतरताना आठवण करून देतो. सकाळी लवकर सुटणारी, मोजलेल्या अंतराची आणि इलेक्ट्रॉनिक चिपवर प्रत्येकाची वेळ देणारी शर्यत असेल तर उत्तम. अंतरच खरं नसेल तर आकड्याचा उपयोग काय?

त्या आठवड्यात

शर्यतीसाठी वेगळा आराम लागत नाही, कारण टेपर, म्हणजे मॅरेथॉनआधी धावणं हळूहळू कमी करत नेणं, सुरू झालेलाच असतो. गुरुवारी हलकं धावणं, शुक्रवारी सुट्टी, शनिवारी चार किलोमीटर आरामात आणि शेवटी शंभर-शंभर मीटरचे चार स्ट्राइड, म्हणजे वेग हळूहळू वाढवत मारलेल्या छोट्या धावा. एकच गोष्ट जपा. पहिल्या रविवारच्या आधीच्या आठवड्यातच ३१ डिसेंबर येतो. त्या रात्रीचं जागरण भरून काढायला दोन-तीन रात्री लागतात, म्हणून बाकीच्या रात्री दहाला अंथरुणात.

तालीम पूर्ण करा

मॅरेथॉनच्या दिवशी जे करणार ते सगळं आज करून बघा. तेच बूट, तेच मोजे, तीच बनियन आणि चड्डी. बूट नवे असतील तर त्यांवर आधी चाळीस-पन्नास किलोमीटर झालेले असू देत. काखेत, मांड्यांच्या आत आणि छातीवर व्हॅसलिन लावा. आज कुठे कापड घासलं ते लक्षात ठेवा, कारण दहा किलोमीटरला जिथे नुसतं लाल होतं, तिथे बेचाळीसला सोलून निघतं.

खाणंही तेच. सुटायच्या दोन-अडीच तास आधी उठून मी दोन केळी आणि ब्रेडला मध लावून खातो. तुमचं जे असेल ते खा, पण नवीन काही नको. कांदेपोहे शर्यतीनंतर. दहा किलोमीटरला खरं तर जेलची, म्हणजे धावताना ऊर्जेसाठी घ्यायच्या गोड, चिकट पाकाची, गरज नसते, तरी पाचव्या किलोमीटरला एक घेऊन बघा आणि वर दोन घोट पाणी प्या. धापा टाकताना तो चिकट घास गिळता येतो का, पोट काय म्हणतं, हे कळून घ्यायला हीच जागा.

बिब, म्हणजे तुमचा नंबर छापलेला कागद, आदल्या रात्री लावून ठेवा. छातीवर नाही, पोटावर लावा, म्हणजे हात हलताना कापड ओढलं जात नाही. बनियन अंगावर घालूनच लावा, पलंगावर पसरून लावलं की हमखास वाकडं बसतं. आधी वरच्या दोन पिना. पिन बिबच्या भोकातून कापडात घाला, कापडातून बाहेर काढा आणि मगच बंद करा, म्हणजे टोक अंगाला लागत नाही. मग खालच्या दोन, कापड किंचित सैल ठेवून. मागे चिपची पट्टी चिकटवलेली असते, तिला घडी पडू देऊ नका.

वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका, आजही नाही आणि मॅरेथॉनलाही नाही. घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना अशा बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि दुखण्याने दिलेला इशाराही दाबून टाकतात.

प्रत्यक्ष धावताना

आधी पंधरा मिनिटं अगदी संथ जॉगिंग, मग तीन-चार स्ट्राइड. रांगेत पुढे घुसू नका, आपल्या वेगाच्या लोकांत उभे राहा.

समजा तुमचं लक्ष्य ५५ मिनिटांचं आहे, म्हणजे सरासरी किलोमीटरला ५:३०. मी हे असं वाटून देईन: पहिले दोन किलोमीटर ५:४०ने, पुढचे पाच ५:३०ने, शेवटचे तीन ५:२३ने. बेरीज ५५ मिनिटांवरच येते. पहिले दोन किलोमीटर फार सोपे वाटतील, माणसं भराभर पुढे जातील. जाऊ द्या. सुरुवातीला स्वतःला आवरायची हीच सवय मॅरेथॉनच्या दिवशी पहाटेच्या अंधारात, मरीन ड्राइव्हवर, गर्दीच्या लोंढ्यात उपयोगी पडते. सातव्या किलोमीटरनंतर जोर लावा. श्वास मोठा होईल, एका वेळी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येणार नाही, हे ठीक आहे. शेवटच्या दोनशे मीटरला मात्र उसैन बोल्ट व्हायचं नाही. थकलेल्या पायांनी अचानक मारलेल्या धावेत मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो, आणि तो दोन आठवड्यांत भरून येईलच असं नाही. पोटरीत किंवा टाचेत काही बोचल्यासारखं झालं तर तिथेच थांबा. मेडल सोडून द्या.

संपल्यावर पाणी पिऊन दोन-तीन किलोमीटर हळू धावा. आधीचे दोन, शर्यतीचे दहा आणि हे धरून पंधराच्या आसपास होतात, म्हणजे त्या रविवारचा लाँग रन झाला. संध्याकाळी आणखी काही जोडायला जाऊ नका. ओली बनियन बदला, तासाभरात पोटभर खा. त्या दिवशी जोराचं मालीश नको.

आकड्याचं काय करायचं

अमेरिकन अभियंता पीट रीगल यांनी १९७७ साली एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायचं सूत्र मांडलं. आजही बहुतेक कॅल्क्युलेटरांच्या मुळाशी ते असतं. आपल्या कामापुरतं सांगायचं तर दहा किलोमीटरच्या वेळेला ४.६ने गुणा. ५० मिनिटांची ३ तास ५० मिनिटं होतात, ५५ची ४ तास १३ मिनिटं, आणि ६०ची ४ तास ३६ मिनिटं.

हा आकडा तुम्ही लाँग रन नीट केलेत असं धरूनच येतो. तीस किलोमीटरच्या पलीकडे काय होतं हे दहाच्या शर्यतीला माहीत नसतं. पहिलीच मॅरेथॉन असेल, किंवा तीस किलोमीटरचा एकच रन झाला असेल, तर मी त्यात दहा-पंधरा मिनिटं वाढवायला सांगतो. दुसरी दुरुस्ती हवेची. पुण्यात जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंश असतात, हवा कोरडी असते. मुंबईत हवा दमट, आणि सात-सव्वासातला सूर्य उगवल्यावर पुढचं निम्मं अंतर उन्हात काढावं लागतं. पुण्याच्या थंडीत ५५ मिनिटं आली असतील तर मुंबईसाठी किलोमीटरला पाच-दहा सेकंद सोडून द्या. आकडा मनात होता त्यापेक्षा वाईट आला तर वाईट वाटणारच, पण लक्ष्य आजच बदला. आज बदललेलं लक्ष्य पायांना झेपतं. रस्त्यावर तिसाव्या किलोमीटरला बदलावं लागलं तर फार महागात पडतं.

पुढचे चौदा दिवस

सोमवारी फक्त चालणं. मंगळवारी पाच किलोमीटर अगदी संथ, बुधवारी सुट्टी. गुरुवारी पाय कसे आहेत ते जिना उतरून बघा. दुखत नसतील तर सहा-सात किलोमीटर, त्यातले मधले दोन मॅरेथॉनच्या वेगाने. दुखत असतील तर संथच धावा. रविवारी दहा-बारा किलोमीटर आरामात. शेवटच्या आठवड्यात चार-पाच किलोमीटरचे दोन-तीन छोटे रन, बस. बिब आणायला एक्स्पोला गेलात तर तासाभरात बाहेर पडा, तिथे स्टॉल बघत उभं राहून पाय दुखून येतात.

याच आठवड्यात संक्रांत येते. तिळगूळ खा, गुळाची पोळीही खा, ती तर उत्तम ऊर्जा आहे, फक्त तूप बेताने. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी भोगीच्या दिवशी जेवा, पण शुक्रवार-शनिवारी शिळी उरलेली घेऊन बसू नका. पावटा, वाल, हरभरे आणि सोबत बाजरी म्हणजे भरपूर चोथा, आणि तो रविवारी पहाटे आडवा येतो. ते दोन दिवस वरणभात, दहीभात, बटाटा.

शनिवारी रात्री मनगटाला बांधायला कागदाची एक पट्टी कापा. चार तास तेराचं लक्ष्य म्हणजे किलोमीटरला बरोबर सहा मिनिटं, तेव्हा तिच्यावर लिहा: १० ला १:००, २१.१ ला २:०६, ३० ला ३:००, ३५ ला ३:३०. घाम लागून शाई पसरू नये म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि ती बिबच्या शेजारी ठेवा.