कॅप राउंडमध्ये पालकांचं काम काय? दोनदा त्यातून गेलेल्या आईचा अनुभव

२०२२ मध्ये लेकीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत, पहिल्या नंबरवर कोणतं कॉलेज टाकायचं, ते मी ठरवलं. लॉगिन माझ्याकडे, पासवर्ड माझ्याकडे, कटऑफचे कागद माझ्यासमोर. ती शेजारी बसून ‘हं, हं’ करत होती. तिच्या मनातलं कॉलेज मी दुसऱ्या नंबरवर ठेवलं. हिशेब साधा होता: नक्की मिळेल ते वर ठेवू, उगाच हातचं जायला नको.

पहिल्या राउंडची यादी लागली आणि पहिला पर्याय मिळाला. घरात आनंद! फोनाफोनी झाली. संध्याकाळी माहितीपुस्तिका पुन्हा उघडली तेव्हा कळलं की पहिल्या राउंडमध्ये पहिला पर्याय मिळाला की ती जागा आपोआप फ्रीझ होते. तीच घ्यायची, पुढच्या राउंडमध्ये जाता येत नाही. तिला हव्या असलेल्या कॉलेजचा कटऑफ पाहिला, तर तो तिच्या पर्सेंटाईलच्या खाली थांबला होता. म्हणजे ती जागा तिचीच होती. मी वर ठेवलेल्या नावामुळे यंत्रणा तिथपर्यंत गेलीच नाही.

लेक रागावली नाही. तीन दिवस बोलली नाही, एवढंच.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, धाकट्याची पाळी आली. तेव्हा मी काय वेगळं केलं ते पहिल्यांदाच या वाटेवर निघालेल्या पालकांसाठी लिहिते आहे. आमचा अनुभव इंजिनिअरिंगचा आहे. बारावीनंतर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आणि मग राज्य सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, जिला सगळे कॅप म्हणतात. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी. व्हॉट्सॲपवर आलेला तिचा सारांश वाचून भागत नाही.

ऑप्शन फॉर्मचं गणित आधी सांगते, कारण माझं तिथेच चुकलं. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो. मेरिट नंबरप्रमाणे तुमची पाळी आली की पहिल्या पर्यायात जागा आहे का बघतो. नसेल तर दुसरा, मग तिसरा. वरची पाच कॉलेजं हुकली म्हणून सहाव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. त्यामुळे आवाक्याबाहेरचं वाटणारं कॉलेज वर टाकण्यात काहीच तोटा नाही, तोटा उलटं करण्यात आहे. यादी लिहायची ती आवडीच्या क्रमाने, ‘मिळेल का’ या क्रमाने नव्हे. पर्याय ३०० पर्यंत भरता येतात, त्यामुळे जागेची चणचण नाही. ‘मिळेल का’ची काळजी यादीच्या लांबीने मिटवायची: खाली भरपूर, खात्रीचे पर्याय ठेवायचे. पण जिथे जायचंच नाही असं एकही नाव टाकायचं नाही, कारण टाकलेलं मिळू शकतं.

२०२५ मध्ये चार राउंड झाले आणि आपोआप फ्रीझ होण्याचा नियम आणखी कडक झाला. पहिल्या राउंडमध्ये पहिला पर्याय, दुसऱ्यात पहिल्या तिनांपैकी कोणताही, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला की विषय संपला. म्हणून ‘वरचे सहा’ हा आमच्या घरात जवळपास वाक्प्रचार झाला होता. त्या सहांपैकी कोणतंही मिळालं तरी मुलगा खुशीने जाईल का, एवढा एकच प्रश्न मी विचारायची.

बेटरमेंटमध्येही एक खाच आहे. मिळालेली जागा स्वीकारून, शुल्क भरून ‘आणखी चांगलं मिळालं तर बघू’ म्हणता येतं. पुढच्या राउंडमध्ये नवं काही मिळालं नाही तर जुनी जागा राहते, मिळालं तर जुनी आपोआप जाते. मागे वळता येत नाही. म्हणून पुढच्या राउंडचा फॉर्म भरताना हातातल्या जागेपेक्षा कमी आवडीचं काहीही यादीत ठेवायचं नाही. ऐकायला सोपं आहे, पण रात्री अकराला, मुदत संपत आलेली असताना, जुनी लांबलचक यादी तशीच्या तशी पुढे ढकलणारे पालक मी पाहिले आहेत.

आता पर्सेंटाईल. निकालाच्या दिवशी नातेवाईक टक्केवारीसारखाच हा आकडा ऐकतात. ९२ पर्सेंटाईल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या शंभरांतले साधारण ९२ जण आपल्या बरोबर किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चार लाख मुलं बसली असतील तर एक पर्सेंटाईल म्हणजे चार हजार मुलं. म्हणून ९२ आणि ९३ मध्ये जो फरक आहे तो मुलाला कळतो, आजोबांना कळत नाही, आणि आजोबा ‘अरे वा, छान!’ म्हणतात तेव्हा मुलगा खोलीत निघून जातो. दोघांची चूक नाही. हे आजोबांना आधी समजावून ठेवणं हे पालकांचं काम, ते मी धाकट्याच्या वेळी निकालाच्या आठवडाभर आधी करून टाकलं.

कटऑफची यादी वाचायला शिका. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षाची राउंडवार यादी असते. तिथे प्रत्येक आकड्यावर एक सांकेतिक नाव असतं. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव, मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यात जास्त फसवतं: एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. गृह विद्यापीठ ठरतं ते बारावी कुठून केली त्यावर. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत बारावी केलेल्या मुलाने पुणे विद्यापीठातल्या कॉलेजचा एचचा आकडा बघून उपयोग नाही, त्याला ओचा बघायचा आहे. माझ्या एका मैत्रिणीने पूर्ण यादी चुकीच्या अक्षरावर बेतली होती. सुदैवाने मुलाने स्वतःच पकडलं.

कागदपत्रं मात्र पूर्णपणे आपली जबाबदारी, आणि याबद्दल मी अजिबात मऊ बोलणार नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तहसील कार्यालयाच्या रांगेची कल्पना नसते. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यांची सुरुवात अकरावीच्या सुट्टीत करा. जात वैधतेला किती महिने लागतील हे कुणी सांगू शकत नाही. माझ्या बहिणीच्या मुलाचं नॉन क्रीमीलेयर होतं, नीट लॅमिनेट करून ठेवलेलं. त्याची मुदत ३१ मार्चला संपली होती, आणि लक्षात आलं ते जूनमध्ये, अपलोड करताना. नवीन दाखला वेळेत हातात आला, पण त्या दहा दिवसांत घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाला दोष देऊन झाला. दाखला आहे का एवढंच पाहू नका, कोणत्या तारखेपर्यंत आहे ते पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं, आधारवरचं आणि दाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळतं का तेही.

पैशाचं बोलणं आम्ही लेकीच्या वेळी टाळलं होतं. ‘तू फीची काळजी करू नकोस’ हे वाक्य प्रेमाचं वाटतं, पण मूल काळजी करतंच, फक्त आकडा माहीत नसताना करतं. धाकट्याला मी यादी करण्याआधी सांगितलं: वर्षाला इतके आपण सहज देऊ, इतके ओढून देऊ, त्यापुढे कर्ज. त्याने दोन कॉलेजं स्वतःच खाली सरकवली आणि एकाबद्दल कर्जासाठी वाद घातला. वाद रास्त होता. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी संकेतस्थळावर बघता येते, त्यामुळे ऐकीव आकड्यांवर बोलायची गरज नाही. वसतिगृह वेगळं धरा. मुली असलेल्या घरांसाठी: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. पण प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. राउंड चालू असताना ‘शेवटच्या दोनच जागा उरल्यात, आजच टोकन भरा’ असे फोन येतात, तेव्हा हे आठवा आणि फोन ठेवा.

पासवर्ड कुणालाही देऊ नका. सायबर कॅफेवाल्याला, क्लासच्या समुपदेशकाला, मदत करणाऱ्या काकांना, कुणालाच नाही. यादी कुणाकडूनही तपासून घ्या, कन्फर्मचं बटण घरच्याने दाबावं.

घरच्याने म्हणजे कुणी, हे ठरवायला मला तीन वर्षं लागली. धाकट्याने यादी वहीत लिहिली, चार दिवस उलटसुलट केली. पहिल्या नंबरवर त्याने जे कॉलेज टाकलं ते मला मुळीच पटत नव्हतं. शाखा त्याच्या आवडीची, पण नाव तसं साधं. मी एकदा बोलले, कारणासकट. त्याने ऐकून घेतलं आणि ताईला फोन लावला. दार बंद करून दोघं अर्धा तास बोलत होती. काय बोलली ते मला कुणी सांगितलं नाही. बाहेर आला तेव्हा पहिला नंबर तोच होता, तिसरा आणि चौथा मात्र बदलले होते.

कन्फर्म करायला बसला तेव्हा मी सवयीने खुर्ची ओढून शेजारी बसले. तो पासवर्ड टाइप करायला लागला आणि थांबला. ‘आई, तिकडे बघ ना जरा.’

मी खिडकीकडे बघितलं.