अनोळखी आफ्रिकी लांबशिंगी भुंगेरा ओळखताना

नमुना जुन्या पेटीतला असो वा आयात लाकडातून निघालेला, सुरुवात सोबतच्या चिठ्ठीपासून करा, म्हणजे तो कुठे सापडला हे लिहिलेल्या कागदापासून. नुसतं ‘आफ्रिका’ लिहिलेलं असेल तर प्रजातीपर्यंत पोचणं फार अवघड. जुनी नावंही ओळखा: ‘अपर व्होल्टा’ म्हणजे आजचा बुर्किना फासो, ‘फर्नांदो पो’ म्हणजे बियोको बेट. मूळ चिठ्ठी कितीही फाटकी असली तरी टाकू नका. तिच्याशिवाय नमुन्याची किंमत जवळपास शून्य. लाकडातून जिवंत भुंगेरा निघाला तर तो सोडू नका. बाटलीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्राला कळवा.

मिशा-पाय आखडलेले असतील तर बंद डब्यात ओल्या टिश्यूवर, पण पाण्याचा स्पर्श न होऊ देता, एक-दोन दिवस ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी लगेच धरते, म्हणून डब्यात थायमॉलचे चार खडे टाका. सुई उजव्या पंखावरणातून, म्हणजे वरच्या कडक पंखातून, टोचा.

आता रंग बाजूला ठेवा. स्टर्नोटोमिस या जीनसमधल्या भुंगेऱ्यांचे हिरवे पट्टे खवल्यांचे असतात. आतली चरबी पाझरली की तेच काळपट दिसतात आणि माणूस भलत्याच नावावर जातो. असा नमुना पूर्ण सुकल्यावर, चिठ्ठ्या काढून, रात्रभर ॲसिटोनमध्ये बुडवा.

दहापट भिंगातून आधी उपकुल ठरवा. पूर्ववक्षाच्या (डोक्यामागच्या छातीच्या पहिल्या भागाच्या) बाजूंना धारदार, बहुधा दातेरी कड असेल तर प्रायोनिनी. तोंड कपाळापासून सरळ खाली उतरलेलं, मुखस्पर्शकाचं (तोंडाजवळच्या छोट्या स्पर्शकाचं) शेवटचं पेर टोकदार आणि पुढच्या पायाच्या नळीला आतून तिरकी खाच असेल तर लॅमिनी. खाच पाहायला पाय किंचित फिरवावा लागतो. केसांखाली ती दडते, आणि नवशिक्याकडून नेमकी हीच खूण सुटते. पंजाची पेरं चारच दिसतील. असतात पाच, चौथं इवलंसं पेर तिसऱ्याच्या दोन पाळ्यांत लपलेलं असतं.

लांबी डोक्यापासून पंखावरणाच्या टोकापर्यंत मोजा, मिशा धरू नका. फोटो वरून, खालून, बाजूने आणि समोरून घ्या.

वाळक्या काटकीसारखा, मखमली तपकिरी, सहा-सात सेंटीमीटरचा पेट्रोग्नाथा गिगास अशा तपासणीत पटकन जुळतो. ट्रॅगोसेफाला या जीनसचं तसं नाही: एकाच प्रजातीत ठिपके कमीजास्त होतात, त्यामुळे खात्रीसाठी नराची जननेंद्रियं पाहावी लागतात. तोवर चिठ्ठीवर फक्त जीनसचं नाव लिहा, पुढची प्रजातीची जागा मोकळी ठेवा.

नमुने ताडायला मुंबईत फोर्टमधल्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) संग्रहाकडे आधी विचारून जा. लोकलच्या धक्क्यात नमुना सुईभोवती फिरतो आणि मिशी पेटीच्या भिंतीला लागून तुटते. दोन्ही कुशींना एकेक आधाराची सुई रोवा.