दम्याच्या पेशींना रायनोव्हायरस देताना: कल्चरपासून इंटरफेरॉनपर्यंत

दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी रायनोव्हायरस (सर्दीचा विषाणू) शिरल्यावर इंटरफेरॉन-बीटा हे विषाणूविरोधी प्रथिन कमी बनवतात, असं साउदॅम्प्टनच्या गटाने 2005 मध्ये दाखवलं. पुढे काही प्रयोगशाळांना हा फरक दिसला, काहींना नाही. दम्याची तीव्रता हे एक कारण आहेच, पण बऱ्याचदा घोळ इन्सर्टमध्येच, म्हणजे पेशी वाढवायच्या सच्छिद्र तळाच्या छोट्या कपातच, झालेला असतो.

ब्रॉन्कोस्कोपीच्या ब्रशने काढलेल्या पेशी दुसऱ्या-तिसऱ्या पॅसेजपलीकडे (पेशी सोडवून पुन्हा पेरण्याच्या फेरीपलीकडे) नेऊ नका. नेल्या तर सिलिया (पेशींवरचे हलणारे सूक्ष्म केस) नीट येत नाहीत. कोलॅजेन लावलेल्या, 0.4 मायक्रोमीटर छिद्रांच्या इन्सर्टवर पेरा. थर सलग झाला की वरचं मीडियम (पोषक द्रव) काढून वरची बाजू हवेला उघडी करा, खालचं चालू ठेवा. आता 3 ते 4 आठवडे थांबायचं. मीडियममध्ये रेटिनॉइक ॲसिड घालायचं राहून गेलं तर पेशी त्वचेसारख्या चपट्या होतात. रायनोव्हायरस-सी हा प्रकार वापरणार असाल तर घाई मुळीच नको: तो ज्याला धरून पेशीत शिरतो तो रिसेप्टर, सीडीएचआर3, सिलिया असलेल्या पेशींवर असतो. रायनोव्हायरस ए-16 हा आयकॅम-1 हा दुसरा रिसेप्टर धरून शिरतो, त्यामुळे अर्धवट तयार थरालाही लागतो आणि चूक लपते.

संसर्गाच्या 24 तास आधी हायड्रोकॉर्टिसोन (एक स्टिरॉइड) नसलेलं मीडियम द्या. सर्रास गाळली जाणारी पायरी हीच, आणि स्टिरॉइड तर इंटरफेरॉन दाबतं.

मग कोमट पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) वरचा श्लेष्मा धुवा. दम्याच्या थरात श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी जास्त, म्हणून श्लेष्माही जास्त. तो राहिला की विषाणू पेशींपर्यंत कमी पोचतो. इंटरफेरॉन कमी दिसतं, पण दोष पेशींचा नसतो. म्हणून त्याच इन्सर्टमधला विषाणूचा आरएनए मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

एक जादा इन्सर्ट ट्रिप्सिनने सोडवून पेशी मोजा, त्यावरून विषाणूची मात्रा ठरवा. विषाणू घालून 34 अंश सेल्सिअसला 2 तास ठेवा, मग धुवा. हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशींत) वाढवलेला विषाणूचा साठा शुद्ध केलेला हवा, नाहीतर हेलाचेच सायटोकाइन (पेशींची संदेश देणारी प्रथिनं) मोजाल. त्याच साठ्याचा अतिनील किरणांनी निकामी केलेला भाग कंट्रोल म्हणून घ्या. सोबत एका इन्सर्टला पॉली आयसी (विषाणूच्या आरएनएची नक्कल करणारा कृत्रिम आरएनए) द्या.

24, 48 आणि 72 तासांनी खालच्या मीडियममधून इंटरफेरॉन-लॅम्डा आणि टीएसएलपी (दम्याची सूज वाढवणारं सायटोकाइन) मोजा. आयएल-33 हे सायटोकाइन पेशी फुटल्यावरही बाहेर पडतं, म्हणून ते एलडीएचसोबतच (पेशी फुटल्याची खूण असलेल्या एन्झाइमसोबतच) वाचा.

एकाच दात्याचे तीन इन्सर्ट हा एकच नमुना धरा, आणि प्रत्येक दात्याचा इनहेलरमधल्या स्टिरॉइडचा डोस नोंदवा.