एम57 रिंग नेब्युला: बघायचा कसा आणि फोटो कसा काढायचा

प्लॅनेटरी नेब्युला (मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेला चमकणारा वायू) बघायला शिकायचं तर सुरुवात एम57 पासूनच करा, असं माझं ठाम मत आहे. आकाराने अगदी छोटा, पण सगळा उजेड तेवढ्याशा जागेत गोळा झालेला, त्यामुळे शहरातून मोठे पसरट नेब्युले साफ गायब होतात तिथेही हा टिकतो.

आपल्याकडे खरी अडचण पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री डोक्यावर येतो तेव्हाच नेमके ढग, म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे तीन-चारला उठा नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंधार पडल्या पडल्या बघून घ्या. आधी अभिजित म्हणजे व्हेगा पकडा, त्याच्याजवळ चार ताऱ्यांचा छोटा तिरका चौकोन आहे, त्यातले अभिजितपासून लांबचे दोन तारे शेलियाक आणि सुलाफत, त्यांच्या मधेच हा, किंचित शेलियाककडे.

8 इंची डॉब्सोनियनला (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, फोकल लेंग्थ 1200 एमएम) 25 एमएम आयपीस लावलात की 48 पट मोठं दिसतं, आणि तेवढ्यात तो जरासा फुगलेला ताराच वाटतो, भलेभले इथेच त्याच्यावरून पुढे निघून जातात. 10 एमएम लावा, 120 पटीला राखाडी कडं आणि मधला अंधार वेगळा दिसायला लागतो, थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवलीत तर अजूनच छान. तरी शंका असेल तर ओ-थ्री फिल्टर (फक्त ऑक्सिजनचा उजेड सोडणारी काच) आयपीस आणि डोळ्याच्या मधे हातानेच आत-बाहेर करा. तारे मंद होतात आणि नेब्युला तसाच राहतो, कारण त्याचा बराचसा उजेड ऑक्सिजनच्या 500.7 आणि 495.9 नॅनोमीटरच्या रेषांमधे असतो आणि फिल्टर नेमका तेवढाच आत सोडतो. ही युक्ती बघताना मला अजूनही तितकाच आनंद होतो! मधला तारा साधारण 15 मॅग्निट्यूडचा (आकडा मोठा तितका तारा मंद) आहे, तो 8 इंचीतून डोळ्याने दिसायची अपेक्षा ठेवू नका, फोटोत येतो.

फोटोसाठी ट्रॅकिंग माउंट (आकाशाबरोबर फिरणारी बैठक) हवाच. फोकल लेंग्थचा हिशोब आधी करा: एम57 जेमतेम 86 आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग), 3.76 मायक्रॉन पिक्सलच्या कॅमेऱ्यावर 1000 एमएमला सुमारे 110 पिक्सल, आणि 200 एमएम लेन्सला फक्त 22. लेन्सच असेल तर जवळच्या जंबुक तारकासमूहातला एम27 घ्या, तो पाचपट मोठा आहे. फोकस बाहतिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी) लावून अभिजितवर करा. एक्सपोजर लांब नको, 20-30 सेकंदांचे भरपूर घ्या, म्हणजे कडं जळत नाही आणि वाऱ्याने हललेल्या फ्रेम्स बिनधास्त फेकता येतात. दीड-दोन तासांचा डेटा झाला की डार्क, फ्लॅट (कॅमेरा आणि दुर्बिणीचे दोष काढायच्या वेगळ्या फ्रेम्स) घालून सिरिल या सॉफ्टवेअरमधे स्टॅक करा, म्हणजे सगळ्या फ्रेम्स एकावर एक रचून एक फोटो करा. आत निळसर-हिरवा ऑक्सिजन आणि बाहेर हायड्रोजन-नायट्रोजनचा लाल काठ आपोआप येतो, सॅच्युरेशन ओढत बसू नका, आणि बॅकग्राउंड पार काळं केलंत तर बाहेरचा फिकट हेलो (मंद वलय) पहिल्यांदा मरतो.