जत्रेतल्या खेळण्याचं शोभेचं यान करताय? या चुका टाळा

कोकणात आंगणेवाडीच्या किंवा कुणकेश्वरच्या जत्रेत प्लॅस्टिकची अंतराळयानं स्वस्तात मिळतात. बटण दाबलं की लाल-निळे दिवे आणि कान किटवणारा आवाज, पंखांवर चमचमणारे स्टिकर. मुलं चार दिवस खेळतात आणि मग ते माळ्यावर जातं. पण आकार बघितला तर बरीचशी यानं अगदीच वाईट नसतात, आणि कपाटात मांडायच्या मॉडेलला मुळात आकारच लागतो. बाकीचं हातानं करता येतं, तेही फार खर्च न करता.

गडबड होते ती व्हिडिओ बघून. ते बनवणारा माणूस कुठल्यातरी कोरड्या गावात बसलेला असतो. आपण तेच सामान मागवतो आणि जुलैत पडवीत उभे राहून फवारा मारतो. इथं मॉडेल बिघडतं ते हत्यारं स्वस्तातली असतात म्हणून नव्हे. समोरचं प्लॅस्टिक कुठलं आहे आणि बाहेरची हवा कशी आहे, हे दोन्ही न बघता काम काढलेलं असतं, म्हणून.

प्लॅस्टिक न ओळखता रंगाला हात घालणे

आधी स्क्रू काढून यान उघडा. बॅटरीचं झाकण किंवा आतला एखादा बिनकामाचा तुकडा घ्या आणि नळाच्या पाण्याच्या वाडग्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर तुकड्याला चिकटलेले बुडबुडे त्याला उगाच वर धरून ठेवतात. तुकडा तरंगला तर ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. बुडाला आणि कडक असला तर बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीन. बुडाला, पण नखानं दबतो आणि वास मारतो, तर मऊ पीव्हीसी. कधीकधी आतल्या बाजूला त्रिकोणात आकडा असतो: २, ४ किंवा ५ म्हणजे तरंगणाऱ्यांपैकी, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन.

हे कळलं की निम्मे प्रश्न आधीच सुटतात. तरंगणाऱ्या प्लॅस्टिकवर रंग धरत नाही, वाळला की नखानं सालपटासारखा निघून येतो. फेविक्विकही त्यावर टिकत नाही. असं झालं असेल तर रंगाचे थर वाढवून उपयोग नाही. सगळा रंग काढा, पॉलिश पेपरनं पृष्ठभाग खरखरीत करा आणि गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून बंपरसाठीचा प्लॅस्टिक प्रायमर आणा. बंपर बहुतेक याच जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. जोड मात्र बारीक स्क्रूनं किंवा तारेनं घ्या.

मऊ पीव्हीसीची तक्रार वेगळी. त्यावर ऑइल पेंट मारला की महिने गेले तरी बोटाला चिकटतो. हा दमट हवेचा दोष नाही. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य वर येतं आणि रंगाला वाळू देत नाही. तो थर टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून काढा आणि पाण्यातला अ‍ॅक्रिलिक लावा.

एबीएस आणि पॉलिस्टायरीन ही कामाला उत्तम, पण थिनरशी त्यांचं वैर आहे. जुना रंग काढायला हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर लावला की पंखाचा कोपरा विरघळून बसतो. स्प्रे कॅनमधलं द्रावणही जाड थरात तेच करतं. नवीन काहीही आधी बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

साचातून सुटं व्हावं म्हणून लावलेला तेलकटपणा खेळण्यावर राहिलेला असतो, तेव्हा प्रायमरच्या आधी भांड्यांच्या साबणानं ते घासून धुवायचंच. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्या. मिठाचे पांढरे डाग प्रायमरखाली राहिले तर तिथूनच पुढे फोड येतात.

हवेत पाणी असताना स्प्रे मारणे

काळा स्प्रे मारला, सुंदर बसला, आणि बघता बघता वर दुधट साय आली. इथल्या बहुतेकांनी हे पाहिलेलं असतं, आणि बहुतेकांना वाटतं की कॅन जुना निघाला. तसं नसतं. स्प्रेमधलं द्रावण झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि दमट हवेतली वाफ त्या गार थरावर दवासारखी बसते. वरचा रंग वाळतो आणि पाणी आत अडकतं. मॅट क्लिअरवर, म्हणजे बिनचकाकीच्या पारदर्शक थरावर, तर हे जास्तच दिसतं, कारण सगळ्या कामावर शेवटचा हात तोच असतो.

साय आली की त्याच दिवशी वरून दुसरा थर मारू नका. यान घरात घ्या, खोक्याखाली झाका आणि कोरड्या दिवसाची वाट बघा. मग ग्लॉस क्लिअरचा एक पातळ हात मारा. त्यातलं द्रावण वरचा थर थोडा सैल करतं, अडकलेली ओल निघून जाते, आणि हलकी साय असेल तर ती दिसेनाशी होते. नाहीच गेली तर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरनं ओलं घासून पुन्हा रंग.

मुळात स्प्रेचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढावं. जत्रांचाही हंगाम तोच, म्हणजे यान आणलं की लगेच कामाला लागता येतं. त्यातही सकाळचं दव उतरल्यावर आणि दुपारचे खारे वारे सुटायच्या आधी. कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवला तर फवारा बारीक पडतो. कोमट म्हणजे कोमटच, गॅसवर किंवा कडक उन्हात तापवायचा प्रयोग करू नका, कॅन फुटतो. अंतर वीतभर ठेवा, हात सतत हलता ठेवा, आणि एका जाड थराऐवजी तीन विरळ. वाळायला रात्रभर अंगणात ठेवलेलं यान सकाळी दवानं न्हालेलं मिळतं, तेव्हा फवारा बाहेर आणि वाळवण घरात.

गॅरेजातल्या पेंटरला विचारलं तर तो आकाशाकडे बघून सांगतो, "आज नको मारू, हवेत पाणी आसा." त्याचं ऐकावं. त्याच्याकडची एकच गोष्ट घेऊ नये, ती म्हणजे तांबडा रेड ऑक्साइड. तो लोखंडासाठी असतो. आपल्याला राखाडी प्रायमर हवा. भिंतीची पुट्टीही तशीच निरुपयोगी, प्लॅस्टिकवरून खपली होऊन पडते. स्क्रूची भोकं आणि सांधे भरायला एम-सील बरं. बारीक चिरांना गाडीची लांबी, म्हणजे गॅरेजात पत्र्यावर भरतात ती पुट्टी.

आणि पावसाळ्यातच हात शिवशिवत असतील तर ब्रश घ्या. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, ऐन श्रावणात रंगकाम चालतं, कारण तिथले बरेच रंग पाण्यातले असतात. अ‍ॅक्रिलिकही पाण्यातलाच. वाळायला वेळ घेईल, पण साय धरणार नाही. ट्यूबमधून निघतो तसा जाड मात्र लावू नका, ब्रशाचे ओरखडे कायमचे राहतात.

प्रमाण न ठरवता तपशील चिकटवणे

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही, आणि तिला पैशांचा संबंधच नाही. समजा तुमचं यान २६ सेंटीमीटर लांब आहे. इस्रोचं आरएलव्ही, म्हणजे पुन्हा वापरता येणारं पंखांचं प्रायोगिक यान, ज्याला पुढे पुष्पक नाव मिळालं आणि जे २०२३ मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर उतरवलं, ते साडेसहा मीटर लांब. तुमचं यान त्या मापाचं मानलं तर प्रमाण झालं १:२५, आणि शेजारी उभा केलेला माणूस जवळजवळ सात सेंटीमीटरचा. तेच खेळणं ३७ मीटरच्या अमेरिकन स्पेस शटलएवढं मानलं तर प्रमाण १:१४४, आणि माणूस जेमतेम सव्वा सेंटीमीटरचा. प्लॅस्टिक तेच, फरक फक्त दारं, शिड्या, खिडक्या किती लहान काढल्या याचा. हे पहिल्या दिवशी ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा.

प्रमाण ठरलं की बाकीचं आपोआप सुचतं. १:१४४ मध्ये मार्करनं ओढलेली एक मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या यानावर चौदा सेंटीमीटरची फट. म्हणून पत्र्यांच्या रेघा मार्करनं काढू नका. स्टीलची पट्टी धरा आणि कंपास पेटीतल्या कर्कटकानं हलक्या हातानं चार-पाच वेळा ओढा, दाबून एकदा ओढलं की टोक भरकटतं. भरकटलंच तर त्या जागी फेविक्विकचा थेंब, वाळल्यावर पॉलिश पेपर, आणि पुन्हा रेघ. शटलच्या काळ्या फरश्या साधारण पंधरा सेंटीमीटरच्या होत्या, म्हणजे या प्रमाणात एक मिलिमीटर. त्या एकेक कोरत बसू नये. पोटाखालच्या काळ्यात दोन-तीन छटा ठिपक्यांनी फिरवल्या तरी नजरेला पुरतं.

पंखांच्या कडा बघा. खेळण्यात त्या तीन मिलिमीटर जाड असतात, मुलांना लागू नये म्हणून. मॉडेलमध्ये खेळणं ओळखू येतं ते बऱ्याचदा याच कडेवरून, रंग कितीही चांगला असो. खालच्या बाजूनं कानस मारून कड तिरकी उतरवा. वरून पंख पातळ दिसतो आणि आतली ताकद जात नाही. एका संध्याकाळचं काम, खर्च शून्य, आणि पूर्ण यानात याच्याइतका बदल दुसऱ्या कशानं होत नाही.

मग चिकटवायचे तुकडे. जुना रिमोट, मोडका मिक्सर, केबल टाय, रिफिल, औषधांच्या गोळ्यांची पाकिटं, नळ्यांसाठी मासेमारीचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. सामान भरपूर मिळतं आणि तिथंच लोक वाहवत जातात. मदरबोर्डवरचा कपॅसिटर नुसता उपटून लावला तर तो कपॅसिटरच दिसतो. अर्धा कापा, आडवा करा, दुसऱ्या तुकड्याखाली दडवा. इंजिनाजवळ गर्दी, पंखांवर मोकळीक. आणि सगळ्यावर एकाच राखाडी प्रायमरचा हात, म्हणजे दहा ठिकाणचं भंगार एका कारखान्यातून आल्यासारखं दिसतं.

कॉकपिटच्या पारदर्शक काचेजवळ फेविक्विक नको. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते आणि दमट हवेत जास्तच. बाहेरून आलेली असेल तर टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानं घासा. आतून आली असेल तर काच काढण्यावाचून गत्यंतर नाही. काच चिकटवायला फेविकॉलची बारीक रेघ पुरते, वाळल्यावर ती पारदर्शक होते.

नाक जड करायला किनाऱ्यावर शिशाची वजनं सहज मिळतात. ती फेविकॉलमध्ये बसवून आत बंद करू नका. शिसं आणि तो गोंद यांची हळूहळू प्रक्रिया होते, पांढरी भुकटी फुगत जाते आणि काही वर्षांनी कवच आतून तडकतं. एपॉक्सी वापरा, किंवा सरळ स्टीलचे नट भरा. शिसं घासू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा.

डाग, दिवे आणि कपाट

मिरकरवाड्यातल्या किंवा हर्णैच्या ट्रॉलरवर गंजाचे ओघळ फार देखणे दिसतात, आणि ते बघून यानावरही तसेच काढायचा मोह होतो. पण अंतराळात ना पाऊस ना खारी हवा. तिथं शोभतात ती जळाल्याची काजळी, नोझलजवळचा तपकिरी-निळा रंग, पोटावरचे करपट पट्टे. रेघांत उतरवायचा काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, ग्लॉसच्या थरावर फिरवा, मॅटवर फिरवलात तर सगळा पृष्ठभाग मळकट होईल आणि पुसूनही जाणार नाही.

खेळण्यातलेच दिवे वापरायचे तर आवाजाची चकती कापून टाका. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. मोबाइल चार्जरच्या पाच व्होल्टवर प्रत्येक एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर, तीन बटण सेलवर १५० चा. नऊ व्होल्टची बॅटरी थेट जोडली की दिवा एकदाच लख्ख पेटतो. भिंतीतून उजेड झिरपत असेल तर आतून आधी काळा, मग चंदेरी रंग मारा. हे काम यान बंद करण्यापूर्वी, अंधारात बघून.

मे अखेर सेल काढून ठेवा. स्प्रिंगवर व्हॅसलिनचं बोट फिरवा, स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस घाला. अल्कलाइन सेल पाझरून हिरवट-पांढरं साचलं असेल तर लिंबाच्या रसाच्या कापसानं पुसा, मग साध्या पाण्याच्या कापसानं, आणि कोरडं करा. घरात कोकमाचं आगळ आहे म्हणून ते लावू नका, त्यात मीठ असतं.

स्टँडसाठी एमडीएफ घेतलं तर पावसाळ्यात कडा फुगतात. सुताराकडे फणसाचा किंवा सागाचा तुकडा पडलेला असतो, त्यावर सायकलचा स्पोक उभा करा. यान थेट उन्हात ठेवू नका, पांढरं एबीएस पिवळं पडतं. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून वाळवून घ्या. पण बुरशी नको म्हणून कपड्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या तिथं टाकू नका. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, आणि बंद काचेच्या कपाटात ती वाफ कुठंच जात नाही.