सिमेंट भरलेल्या दातावर डाग पडला? घासायच्या आधी हे बघा

किडलेल्या दातात दाताच्याच रंगाचं सिमेंट भरलं की सुरुवातीला ते ओळखूही येत नाही. मग कधीतरी हसताना पिवळट ठिपका दिसतो आणि घरातली मिश्री, मीठ नाहीतर कोळशाची पावडर बाहेर निघते. तिथेच थांबा. भरलेल्या दाताची खरी नासाडी डाग घालवायच्या खटपटीत होते.

डॉक्टर ज्याला कंपोझिट म्हणतात, ते म्हणजे कृत्रिम राळेत कालवलेली काचेची अतिबारीक पूड. निळ्या उजेडाखाली ती कडक होते. ही राळ थोडं पाणी शोषते आणि पाण्यासोबत रंगही. चावून-घासून वरची राळ झिजली की काचेचे कण उघडे पडतात, काही निखळतात आणि खडबडीत झालेल्या त्या जागी हळद, कोरा चहा, विड्यातला कात ठाण मांडतो. खरखरीत पावडरीने घासलंत तर आजचा डाग निघेलही, पण ओरखडे वाढतील आणि पुढचा डाग लवकर बसेल. (चांदी भरलेल्या दाढेला ही काळजी नाही, ती मुळातच काळपट!)

पहिलं काम: डाग नेमका कुठे आहे ते शोधा. ब्रश करा, चूळ भरा, कापसाने दात टिपा आणि खिडकीजवळ आरसा धरून मोबाईलच्या टॉर्चने बघा. सिमेंटचा वरचा भाग सगळीकडे सारखाच पिवळट असेल तर तो बहुधा वरवरचा डाग, पॉलिशने कमी होणारा. कडेने तपकिरी रेघ दिसली तर दात आणि सिमेंट यांच्या सांध्यात रंग शिरलाय. ती रेघ नुसता डाग असू शकते, खाली कीडही असू शकते. घरबसल्या ते कळत नाही, डॉक्टरांना दाखवा. थंड पाणी झोंबत असेल, अन्न नेमकं तिथेच अडकत असेल, फ्लॉसचा दोरा तिथे फाटत असेल किंवा दाताच्या आत करडी सावली दिसत असेल, तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

मग घासायची पद्धत बदला. मऊ ब्रश, फ्लोराईडची साधी पेस्ट, दिवसातून दोनदा, हात हलका. राखुंडी, कोळसा बंद. मिश्रीही बंद, पण ती भाजलेली तंबाखूच असल्यामुळे आजीला नुसतं ‘सोड’ म्हणून सुटत नाही. तिथे डॉक्टरांची मदत घ्या. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरतंच वापरा. जास्त दिवस वापरलं की तेच तपकिरी डाग पाडतं.

खाण्याचं. सोलकढी सोडा असं कोकणात कोण सांगणार? पण कोकम रंगीतही आणि आंबटही, म्हणून प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रशला अर्धा तास तरी हात लावू नका. तिसऱ्या (शिंपल्या) नीट धुवा, त्यांतली रेती दाताखाली करकरते तेव्हा सिमेंटही खरवडतं. कुर्लीचे (खेकड्याचे) डेंगे बत्त्याने फोडा. पुढच्या दाताच्या सिमेंटचा टवका उडायला एक डेंगा पुरतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर आधी विचारा, ‘पॉलिशने भागेल का?’ खरखरीतपासून बारीकपर्यंत चकत्या फिरवून, शेवटी पेस्टने वरचा थर गुळगुळीत करतात. त्याला सहसा इंजेक्शनही लागत नाही. टवका उडाला असेल तर बऱ्याचदा तेवढाच भाग भरता येतो. खाली कीड असेल, सिमेंट सैल झालं असेल किंवा रंग आतपर्यंत मुरला असेल, तरच सगळं काढून नव्याने भरावं, कारण प्रत्येक वेळी जुनं काढताना थोडा चांगला दातही जातो. ब्लीचिंगने दात उजळतो, सिमेंट नाही. त्यामुळे ब्लीचिंग करायचंच असेल तर ते आधी करा, साधारण दोन आठवडे जाऊ द्या आणि मग नव्या रंगाशी जुळवून भरून घ्या.

नवं भरताना रंग अगदी सुरुवातीलाच ठरवून घ्या. तोंड बराच वेळ उघडं राहून दात कोरडा पडला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो आणि मग निवड चुकते. पॉलिश झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, कारण हवेच्या संपर्कात वरचा पातळ थर अर्धवट कच्चा राहतो आणि रंग सगळ्यात आधी तोच पकडतो. पहिले एक-दोन दिवस हळदीचं तिखलं, चहा आणि विडा टाळा. दहीभात चालेल.