कॅरीला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनातील कॅरी येथे यायचे ठरवलेल्या मराठी कुटुंबांचे फोन आम्हाला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतात आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "गाव कसं आहे?" गाव चांगले आहे, पण घर घेणाऱ्याला या उत्तराचा फारसा उपयोग होत नाही. १९८० मध्ये सुमारे २२ हजार वस्ती असलेले कॅरी २०२० च्या जनगणनेत १,७४,७२१ वर पोहोचले, तरी कागदोपत्री ते अजून 'टाउन'च म्हणवते. ज्या गावाची वाढ इतक्या झपाट्याने होते, तिथे शाळा, रस्ते आणि घरामागची झाडी आज दिसते तशीच उद्या राहील असे धरून चालता येत नाही. म्हणून चौकशी गावाची करण्यापेक्षा नेमक्या एका पत्त्याची करावी आणि तीही सही करण्यापूर्वी.

मुले असतील तर सुरुवात शाळेपासून करावी. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणी गावाची शाळा म्हणजे त्या गावातल्या मुलांची शाळा असे समीकरण असते. इथे शाळा टाउनच्या अखत्यारीत नाहीत, कॅरी ज्या वेक काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येते त्या संपूर्ण काउंटीचे मिळून एकच मोठे शाळामंडळ आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या घराची 'बेस स्कूल' कळते, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: ती शाळा 'कॅप्ड' आहे का? पटसंख्येची मर्यादा घातलेल्या शाळेच्या हद्दीत नव्याने राहायला आलेल्या मुलाला दूरच्या 'ओव्हरफ्लो' शाळेत पाठवले जाऊ शकते, मग तुमच्या खिडकीतून बेस स्कूलचे मैदान दिसत असले तरी. शिवाय नवी शाळा उघडली की आसपासच्या हद्दी पुन्हा आखल्या जातात, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी प्रस्तावित असलेले बदलही वाचून ठेवावेत.

त्याच वेळी शाळेचे वेळापत्रक कोणते आहे तेही विचारावे. पारंपरिक वेळापत्रकाच्या शाळा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, तर 'इयर-राउंड' शाळांचे वर्ष जुलैतच सुरू होते; मुलांचे चार गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला साधारण ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी असे चक्र चालते. भारतात जाण्यासाठी उन्हाळ्याचे दोन महिने हाताशी असण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे नीट समजून घ्यावे. धाकटा प्राथमिक शाळेत इयर-राउंडला आणि थोरली हायस्कूलला पारंपरिक वेळापत्रकावर, असे झाले की सगळ्या घराला एकत्र मिळणारी सुट्टी शोधावी लागते. आमच्याकडे दोन वर्षे हा घोळ चालला आणि विमानाची तिकिटे काढताना भिंतीवर दोन कॅलेंडरे शेजारी-शेजारी लावावी लागली. किंडरगार्टनसाठी मुलाला ३१ ऑगस्टपर्यंत पाच वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांनी भरलेला आरोग्यतपासणीचा अर्ज शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, तेव्हा जुन्या डॉक्टरांकडून कागद निघण्यापूर्वीच मागून घ्यावेत.

घर विकत घेणाऱ्यांनी 'ड्यू डिलिजन्स फी' हा शब्द पाठ करून यावा. घराला बोली लावताना ही रक्कम थेट विकणाऱ्याच्या हाती जाते. ठरलेल्या मुदतीत कोणतेही कारण न देता व्यवहारातून बाहेर पडता येते, पण ही फी परत मिळत नाही. व्यवहार पूर्ण झाला तरच ती किमतीतून वजा होते. वेगळी भरलेली 'अर्नेस्ट मनी' म्हणजे बयाण्याची रक्कम मुदतीच्या आत माघार घेतल्यास परत मिळते, आणि नवखा माणूस या दोन्हींची गल्लत करतो. तपासनीस कोण, तो कधी मोकळा आहे आणि खरेदीखत करणारा वकील कोणता, हे बोली लावण्याआधीच ठरवलेले असले म्हणजे मुदतीचे दिवस वाया जात नाहीत.

तपासणीत इथल्या मातीकडे लक्ष द्यावे. ती तांबडी आणि चिकण असते, पाणी लवकर मुरत नाही, आणि बऱ्याच घरांखाली तळघराऐवजी 'क्रॉल स्पेस' म्हणजे रांगत जाण्याएवढी पोकळी असते, जिथे दमट उन्हाळ्यात ओल धरते. तपासनीस खरोखर आत शिरला की दारातूनच टॉर्च मारून परतला, हे अहवालातल्या फोटोंवरून कळते. वाळवीसाठी 'टर्माइट बाँड' (कीड-नियंत्रण कंपनीशी केलेला करार) असेल तर तो नव्या मालकाच्या नावावर होतो का ते विचारावे. आणि हे कोणताही एजंट आपणहून सांगणार नाही: शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो, हे पंखा लावून आणि मागची नळी कुठे जाते ते बघून तपासावे. ओपन किचनच्या घरात दुसऱ्या प्रकारचा पंखा असेल तर लसणाची फोडणी वरच्या मजल्यावरच्या कपाटांपर्यंत पोहोचते.

मागे झाडी असलेले घर पाहिले की इथे प्रत्येकाचा जीव त्याच्यावर जडतो, आमचाही जडला होता. मागचे पाइन कायम राहतील असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले आणि आम्ही त्यावर विसंबलो. दीड वर्षाने रस्त्याच्या कडेला रिझोनिंगच्या म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याच्या सुनावणीची पाटी उभी राहिली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात आठवडाभर करवतीचा आवाज ऐकत बसण्याखेरीज आमच्या हाती काही उरले नाही; आता तिथे टाउनहाउसेसची, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांची, रांग आहे. कोणी फसवले असे मी म्हणणार नाही, कारण ती जमीन कोणाच्या मालकीची आणि कोणत्या वापराची आहे हे टाउनच्या नकाशावर दहा मिनिटांत पाहता आले असते. तेव्हा भोवतालचा प्रत्येक मोकळा तुकडा, विशेषतः जुने शेत किंवा एकट्या घराभोवतीची मोठी जागा, त्या नकाशावर शोधून काढावा, आणि नियोजित रस्ते कुठून जाणार तेही पाहावे.

एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) नियमावली सहीआधी मागून पूर्ण वाचावी, केवळ मासिक वर्गणी विचारून भागत नाही. कुंपण, दाराचा रंग आणि अंगणातले कोणतेही बांधकाम यांना पूर्वपरवानगी लागू शकते. दारासमोर वृंदावन बांधायचा बेत असेल तर अर्ज करावा लागेल असे गृहीत धरावे. आम्ही तुळस मागच्या डेकवर कुंडीत ठेवली, आणि ते बरेच झाले, कारण थंडी पडू लागली की ती आत घ्यावीच लागते. आकाशकंदिलासाठी सणाच्या दिव्यांचे कलम पाहावे. काही नियमावल्या ते लिहिताना फक्त डिसेंबर डोळ्यांसमोर ठेवतात.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी सामान बांधण्याआधी कंपनीच्या वकिलाशी बोलावे. काम घरूनच करायचे असले तरी दुसऱ्या महानगर विभागात राहायला जाणे म्हणजे कामाचे ठिकाण बदलणे, आणि त्यासाठी सुधारित अर्ज आधी दाखल करावा लागतो. ग्रीन कार्डधारकांसह ज्यांचे नागरिकत्व अमेरिकेचे नाही अशा सर्वांनी नवा पत्ता दहा दिवसांत कळवायचा असतो. भारतीय पासपोर्ट आणि ओसीआयची (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या कार्डाची) कामे न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाऐवजी वॉशिंग्टनच्या राजदूतावासाच्या कक्षेत येतात.

कर कमी आहेत, हे खरे. राज्याचा प्राप्तिकर सर्वांना एकाच दराने लागतो. २०२५ साठी तो ४.२५ टक्के होता. वेक काउंटीत विक्रीकर ७.२५ टक्के असला तरी शिजवायच्या किराण्यावर दोनच टक्के लागतो. मात्र मालमत्ता कराचा अंदाज विकणाऱ्याच्या जुन्या पावतीवरून करू नये; २०२४ मध्ये काउंटीने फेरमूल्यांकन केले तेव्हा अनेकांचे आकडे भलतेच वर गेले. गाडीवरही दरवर्षी मालमत्ता कर असतो आणि तो नोंदणीच्या नूतनीकरणाबरोबरच भरावा लागतो, ज्याची न्यू जर्सीकरांना सवय नसते. राज्याचा वाहन परवाना साठ दिवसांत काढायचा असतो. इथला गाडीचा विमा सुरू होऊन गाडीच्या नंबरची नवी पाटी मिळाल्याशिवाय आणि जुनी पाटी परत केल्याशिवाय जुना विमा बंद करू नये.

गाडीशिवाय इथे फारसे चालत नाही. बस आहे, पण तिच्या भरवशावर संसार मांडता येत नाही, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांना ही अडचण सर्वांत जास्त जाणवते. त्यांच्या दृष्टीने घरापासून ग्रीनवेची (झाडीतून जाणाऱ्या, गाड्यांना बंद असलेल्या मार्गाची) पायवाट किती पावलांवर आहे हे स्वतः चालून पाहावे. वेंकटेश्वर मंदिर कॅरीतच आहे, २०२२ मध्ये त्याचे ८७ फूट उंच गोपुर उभे राहिले. तिथे दोन-तीन वेळा सोबत गेल्यावर ओळखी होतात आणि मग त्यांना नेणारे-आणणारे भेटतात. क्रिकेटची आवड असेल तर शेजारच्या मॉरिसव्हिलचे मैदान ध्यानात ठेवावे. २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले. ५४० क्रमांकाच्या महामार्गाच्या टोल भागावर नाके नाहीत, कॅमेरा पाटीचा फोटो काढतो. टोल आपोआप भरणारा न्यू जर्सीचा ई-झेडपास चालतो, मात्र खात्यावर नवी पाटी नोंदवावी, नाहीतर जास्त दराचे बिल टपालाने येते.

हवेबद्दल थोडक्यात सांगायचे तर मार्चअखेर पाइनचे परागकण सगळ्यावर पिवळा थर धरतात, तेव्हा दम्याची औषधे फेब्रुवारीतच आणून ठेवावीत. समुद्र दूर आहे म्हणून वादळाला विसरू नये. १९९६ च्या सप्टेंबरात फ्रॅन वादळाने या भागातली असंख्य झाडे पाडली होती. हिवाळ्यात बर्फापेक्षा गोठणाऱ्या पावसाने अधिक हाल होतात, कारण तारांवर बर्फ साचला की वीज जाते.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारीण हातात झाकलेले भांडे घेऊन येण्याची शक्यता बरीच आहे, आणि तुम्ही कोणत्या चर्चला जाता हेही ती सहज विचारील; त्यात चौकशीपेक्षा आपुलकी जास्त असते, मंदिरात जातो म्हणून सांगावे. शाकाहारी असाल तर भांड्यातल्या हिरव्या पालेभाजीत किंवा घेवड्यात डुकराचे मांस किंवा चरबी घातली आहे का ते संकोच न करता विचारावे, कारण इकडच्या पद्धतीत तसे असले तरी तो पदार्थ भाजीच समजला जातो. आणि भांडे परत करताना त्यात चिवडा घालणार असाल, तर त्यांच्या घरी कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, तेवढे आधी विचारून घ्यावे.